ओटा बघायला आलो

आमचं अर्धवट बांधलेलं घर सखाहरी मिस्त्रींनी पहिल्यांदा पाहिलं ते पायांनी. दारातच त्यांनी चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि वाळू, विटांचे तुकडे, वाकलेले खिळे पडलेल्या जमिनीवरून अनवाणी चालत आत आले. मी म्हणाले, "अहो मिस्त्री, पायात घाला काहीतरी, लागेल."

"चपला घातल्यावर मला दिसंल कसं?" ते म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. पण चेहऱ्यावर गमतीचं काही नव्हतं. बांधा ठेंगणा, अंगानं वाळलेले, भुवया आणि कानांवरचे केस दगडाच्या भुकटीनं पांढरे झालेले, आणि डोळे सतत खाली. स्वयंपाकघरात ते भिंतीपासून भिंतीपर्यंत हळूहळू चालले, एका ठिकाणी थांबले, टाच दाबून पाहिली आणि म्हणाले, "हितं सिंक घ्या." नळाचा पाइप तिथूनच काढलेला होता, पण तो अजून भिंतीच्या आत होता, वरून गिलावा झालेला होता.

त्यांना आमच्याकडं आणलं नसीमभाभींनी. भाभी आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहतात. त्यांचं घर आमच्याआधी पुरं झालं होतं आणि त्यांचा ओटा मला आवडला होता म्हणून मी मिस्त्रींचं नाव विचारलं. "आदमी अच्छा है," भाभी म्हणाल्या, "पण जरा वेगळा आहे हां, वैशाली. काम झाल्यावर एक तुकडा मागतो. दे देना. नाही म्हणू नकोस."

घराला हात घातलेल्या कुणालाही माहीत असतं, की ओट्याची वेळ येते तोवर हात आखडलेला असतो. दारं, नळ, वायरिंग सगळं झालेलं असतं आणि बाईच्या वाट्याला उरलेल्यातलं येतं. मला पांढरा ओटा हवा होता. मोबाइलवर बघून बघून तो डोळ्यांत बसला होता. मी तसं म्हटलं, आणि किती खर्च करू शकते तेही सांगितलं.

"खर्चाचं मागून बघू," मिस्त्री म्हणाले. "सैपाक कोन करतं ते सांगा आधी. उंची किती? डावरी का उजवी? भाकरी का पोळी? आन सिंकपाशी जास्त वेळ कोन उभं ऱ्हातं?"

"मीच," मी म्हटलं. "सगळ्याला मीच."

त्यांनी मला भिंतीला लागून उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि कोपराच्या चार बोटं खाली भिंतीवर खडूची रेघ मारली. माझ्या ओट्याची उंची ती झाली. त्यानंतर आजतागायत माझी पाठ स्वयंपाकघरात दुखलेली नाही.

दगड घ्यायला आम्ही जालना रोडवरच्या एका दुकानात गेलो. मिस्त्रींनी सदऱ्याच्या खिशातून एक लिंबू, हळदीची पुडी आणि तेलाची छोटी बाटली काढली. दुकानदाराच्या कपाळावर आठी पडली, पण तो त्यांना ओळखत असावा. नमुन्याच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांनी लिंबाचा थेंब टाकला, हळद चोळली, तेलाचं बोट लावलं आणि म्हणाले, "उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी दगडांनी आपापलं सांगून टाकलं होतं. मार्बलवर लिंबानं फिक्कट कडं पडलं होतं. माझ्या आवडत्या पांढऱ्या कृत्रिम दगडावर हळद बसली होती, पुसून जाईना. कडप्प्यानं तेल पिऊन काळा डाग धरला होता. "कडप्पा वाईट नाय," मिस्त्री म्हणाले, "पन थराचा हाय. कडंनं पापुद्रं सुटत्यात. खालचे पाय त्याचे करू, वर नको." मग एका काळ्याभोर ग्रॅनाइटवर त्यांनी थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं घासलं. फडकं काळं झालं. "ह्यो रंगवलेला. दोन वर्सं धुतला की कळंल तुमाला."

कोपऱ्यात एकाच लॉटमधले दोन उरलेले तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. राखाडी, त्यात तपकिरी ठिपके. कुणी ढुंकून पाहू नये असे. मिस्त्रींनी त्यावर पाणी सोडलं. थेंब तसाच गोल उभा राहिला. त्यांनी तळहात टेकवला आणि बराच वेळ ठेवला.

"दिसायला गरीब हाय," ते म्हणाले, "पन ऱ्हाईल. तुमी जाल, ह्यो ऱ्हाईल."

ते वाक्य मला तेव्हा आवडलं नाही. दगड मात्र घेतला. उरलेला माल म्हणून अर्ध्या किमतीत मिळाला. कडेच्या नक्षीवर त्यांनी खर्च करू दिला नाही, साधी कड घासून दिली. जोड सिंकवर आणि गॅसवर येऊ दिला नाही, दोन्हींच्या मध्ये घेतला. "सिंकच्या म्होरं चार बोटं दगड पायजे," ते म्हणाले, "तितंच तडकतो. तितंच समदा भार असतोय."

बसवायच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची बायको कौसाबाई आली. दुसरा कुणी मदतनीस त्यांनी कधी ठेवला नाही. मिस्त्री कटर चालवायचे आणि कौसाबाई पात्यावर तांब्यानं पाणी सोडत राहायच्या. दोघं एक शब्द न बोलता काम करायची. सिंकसाठी मधला चौकोन कापून निघाला तेव्हा मिस्त्रींनी मशीन बंद केलं, तो तुकडा उचलला, नळाखाली धुतला, पंच्यानं पुसला आणि मागच्या बाजूला खिळ्यानं एक खूण कोरली. त्यांना लिहिता येत नव्हतं. खूण म्हणजे तीन रेघा आणि एक टिंब.

"एवढा माझा," ते म्हणाले.

तसा तो तुकडा कुणाच्या कामाचा नसतो. बहुतेक ठिकाणी राडारोड्यात जातो. मी मान हलवली. जाताना त्यांनी तो पंच्यात गुंडाळून, तान्हं मूल घ्यावं तसा पोटाशी घेतला आणि रिक्षात बसले.

त्यांचं बालपण करमाडच्या पुढं एका गावात मेंढरांमागं गेलं होतं. वडील मेंढपाळ. ऐन उन्हाळ्यात रानात कुठं खणलं तर ओल लागेल हे वडील तळपायानं सांगायचे आणि पोराला तेच शिकवायचे. पुढं मेंढरं गेली, चराईची रानं कंपन्यांच्या कुंपणात गेली, आणि सखाहरी शेंद्र्याच्या बाजूला एका दगडाच्या गोदामात हमालीला लागले. तिथून मिस्त्री झाले. हे सगळं मला कौसाबाईंकडून कळलं. मिस्त्री स्वतःबद्दल बोलायचे नाहीत. कुणाबद्दलच बोलायचे नाहीत.

आम्ही राहायला आल्यावर सहा-सात महिन्यांनी एका दुपारी ते गल्लीत आले आणि नसीमभाभींच्या दाराशी उभे राहिले. भाभींनी विचारलं, काय काम काढलंत?

"ओटा बघायला आलो."

आत जाऊन त्यांनी सिंकच्या पुढच्या कडेवर तळहात टेकवला. मग ओट्याखाली वाकले, पिठाचा डबा सरकवला, मागं हात घातला. गॅसची नळी उंदरानं कुरतडलेली होती, आतलं जाळीचं कापड दिसत होतं. भाभींनी लगेच सिलिंडर बंद केला. मिस्त्रींनी चहा घेतला आणि गेले. "देखो, कितना खयाल रखता है," भाभी सगळ्यांना सांगत होत्या. तेव्हा आम्हाला ती नुसती भल्या माणसाची चौकशी वाटली.

दुसऱ्यांदा मी तिथं होते.

मे महिन्यातला रविवार होता. आमच्या सिंकच्या कडेखालून पाणी झिरपायला लागलं होतं आणि मिस्त्री मोबाइल बाळगत नव्हते, म्हणून मी स्कूटरवरून करमाडला गेले. गावाबाहेर पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. बाहेर ऊन असं, की हँडल धरवत नव्हतं. कौसाबाईंनी आत बोलावलं. मी उंबऱ्यावर चप्पल काढली, आत पाऊल टाकलं आणि थबकले.

सगळी जमीन त्या तुकड्यांची होती. काळे, हिरवट, तांबूस, राखाडी, ठिपक्यांचे, रेघांचे. सिंकएवढे चौकोन एकाला एक लावून भिंतीपर्यंत बसवलेले. शंभराच्या वर असतील. कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांचे. पत्र्याच्या घरात मेमध्ये भट्टी असायला हवी होती. पायाखाली मात्र गार होतं, विहिरीच्या पायरीसारखं. कोंबड्या दारापर्यंत येत होत्या आणि उंबऱ्यावरून परत फिरत होत्या.

"आत नाय येत त्या," कौसाबाई म्हणाल्या. "बसा."

मधोमध एक तांबूस दगड ओला होता. पाणी सांडल्यासारखा पसरून नाही. तेवढाच, कडेपर्यंत, बारीक थेंबांनी भरलेला. शेजारचे चारही दगड कोरडे ठणठणीत. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दगडाला घाम का येतो हे मला ठाऊक आहे: हवा दमट लागते, दगड गार लागतो. पण त्या दिवशी हवेत ओठ फुटत होते. मी खाली वाकून बोट लावलं आणि, का कोण जाणे, जिभेला लावलं. खारट होतं.

तेवढ्यात मिस्त्री मागच्या दारानं आले. अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर पंचा. निघायच्या तयारीत.

"बरं झालं आलात, ताई. तुमच्याच गल्लीत यायचंय मला. कुलकर्णीकाकांकडं."

कुलकर्णीकाका आमच्या गल्लीच्या टोकाला एकटे राहायचे, त्यांचाही ओटा मिस्त्रींनीच बसवला होता. मी म्हटलं, "ते नाहीत मिस्त्री. पुण्याला गेलेत मुलीकडं. दूधवाल्याला तसं सांगून गेलेत."

"जाऊन बघू," ते म्हणाले.

ते माझ्या मागं स्कूटरवर बसले. काकांच्या घराला बाहेरून कुलूप नव्हतं. आतून कडी होती. बेल वाजवली, हाका मारल्या. मिस्त्री मागच्या बाजूला गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी त्यांनी छिन्नीनं उचकटली. काका ओट्याच्या पायाशी पडलेले होते. आदल्या सकाळी निघायच्या वेळी चहाचा कप विसळताना घसरले, खुबा मोडला. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. डोळे उघडे होते. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

काका वाचले. गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सगळे मिस्त्रींना विचारत होते, तुम्हाला कळलं कसं? ते एवढंच म्हणत, "ओटा बघायला आलो होतो." मला जे दिसलं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. काय सांगणार होते?

पण लोकांनी आपापला हिशेब जुळवला. आधी भाभींची नळी, मग काका. ज्याच्याकडं सखाहरी येतो त्याच्याकडं काहीतरी असतं, एवढं सगळ्यांच्या मनात बसलं. आणि मग मागच्या गल्लीतल्या कंत्राटदाराकडं ते गेले. ओट्यावर हात ठेवला, आणि दोन तास त्याच्या पायरीवर बसून राहिले, काही न सांगता. सांगण्यासारखं त्यांना बहुधा काही माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या मुलाला ट्रकनं उडवलं. जीव राहिला, पाय गेला.

पुढच्या वेळी मिस्त्री विचारपूस करायला आले तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कंत्राटदारानं त्यांना फाटकाबाहेर ढकललं. "तूच घेऊन आलास! तुझ्या पायानं आली अवदसा माझ्या घरात! परत दिसलास तर तंगडी मोडीन." मिस्त्री खाली पडले. त्यांनी पंचा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि निघाले. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ते गल्लीत आले की दारं लागायची. बायका पोरांना आत ओढायच्या. कुणी त्यांना काम देईना. आम्हीही बोलावलं नाही. बोलावण्यासारखं काम नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. नवरा, अविनाश, तर स्पष्टच म्हणाला, "मी असलं काही मानत नाही. पण त्याला घरात घेऊ नकोस."

वर्षभरानं मला कौसाबाई भाजीबाजारात भेटल्या. खूप वाळल्या होत्या. मी मिस्त्रींची चौकशी केली तर त्या पिशवी खाली ठेवून तिथंच फूटपाथच्या कडेला बसल्या.

"त्यांनी जायाचं सोडलं व्हतं, ताई," त्या म्हणाल्या. "शिव्या खाऊन खाऊन. म्हनले, आता कुनाचा का दगड भिजंना, मी नाय जानार. मग बिडकीनचा एक भिजला. नवं लग्न झालेलं घर व्हतं, ह्यांनीच ओटा बसवला व्हता. ह्ये दोन दिस त्या दगडाकडं पाठ करून बसले. जेवले नाईत. तिसऱ्या दिशी गेले. दारात मानसं उभी व्हती."

"कोण गेलं?"

"ती सून. नवी." कौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "घरी आले आन तो दगड पहारीनं उचकटून काढला. त्या जागंला आता नुसती माती हाय. मी सारवते. कितीबी सारवा, वाळत नाय ती जागा."

मी धीर करून विचारलं, "मावशी, सिंकचाच तुकडा का पण?"

"म्या बी इचारलं व्हतं. तर म्हनले, बाई गॅसपाशी घाईत असती. सिंकपाशी ती इचार करती. नळ चालू असतोय, पानी वाजतंय, कुनाला काय कळत नाय. मग ती तितंच बोलती, तितंच रडती. कुनी तरी ऐकायला नगं का?"

तेव्हापासून मिस्त्री पुन्हा जायला लागले. शिव्या दिल्या तरी. दार लावलं तरी. पायरीवर बसून राहायचे.

आणि मग ते आमच्याकडं आले.

ऑक्टोबरची दुपार. अविनाश ऑफिसात, मुलगी सई कॉलेजात. बेल वाजली. मी खिडकीतून पाहिलं. मिस्त्री उभे होते, खाली बघत. मी दार उघडलं नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. पायरीवर बसले.

मी गॅसची नळी तपासली. सिलिंडर बंद केला. सगळी बटणं पाहिली. अविनाशला फोन केला, काही नाही, सहज केला म्हटलं. सईला केला, ती चिडली, लेक्चर चालू आहे आई. गावाकडं आईला केला. सगळे ठीक होते. सगळं ठीक होतं. परत खिडकीतून पाहिलं. ते तिथंच होते, उन्हात, सावलीला सरकलेही नव्हते. एक तास गेला. मला राग यायला लागला. काय हक्क या माणसाचा? मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, भांडी घासायला घेतली.

पाणी वाजत होतं. भांडी घासून झाली तरी मी नळ बंद केला नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी हे रोज करत होते. अकरा दिवस. सगळे बाहेर गेले की मी इथं यायचे, नळ पूर्ण सोडायचे, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरायचे आणि उभी राहायचे. डावीकडच्या फळीवर रव्याच्या डब्याखाली एक पाकीट होतं. आमच्याच लॅबचं. नमुना दुसऱ्या नावानं दिला होता आणि रिपोर्ट मीच छापून घेतला होता. छातीत गाठ होती आणि ती साधी नव्हती. सईची परीक्षा होऊ दे, मग सांगू; दिवाळी होऊ दे, मग सांगू; असं चाललं होतं. या जगात ते फक्त मला माहीत होतं.

मी नळ बंद केला. दार उघडलं.

"मिस्त्री, इथं सगळं ठीक आहे."

"व्हय," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

"मग बसलात का?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे लाल झालेले होते, उन्हानं असतील. "ताई, मला नका सांगू. मला त्यातलं काय कळत नाय. घरात सांगा."

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

पाणी आणायला मी आत गेले. तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत ते फाटकाबाहेर पोचले होते. त्याच संध्याकाळी मी पाकीट अविनाशच्या हातात दिलं.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं: ऑपरेशन, औषधं, गेलेले केस, परत आलेले केस. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. अविनाशनं त्यानंतर मिस्त्रींबद्दल एक शब्द काढला नाही. पण एकदा मी त्याला ओट्याच्या कडेवर हात ठेवून उभा राहिलेला पाहिलं.

केस खांद्यापर्यंत आले तेव्हा मी आणि नसीमभाभी, भाभींच्या मिस्टरांच्या रिक्षातून करमाडला गेलो. एप्रिल होता, भर दुपार. मिस्त्री अंगणात लिंबाखाली बाजेवर बसलेले होते. मी ओळखलंच नाही. हाडांचा सापळा उरला होता. आयुष्यभराची दगडाची भुकटी छातीत बसली होती आणि श्वास शिटीसारखा वाजत होता.

"आत का नाही झोपत मिस्त्री? इथं झळा लागतायत," मी म्हटलं.

"आत जाता येत नाय," ते म्हणाले. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं. "समदेच भिजल्यात."

कौसाबाईंनी मला आत नेलं. उंबऱ्याशीच पाय थांबला. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकही दगड कोरडा नव्हता. काळे, हिरवट, तांबूस, राखाडी, सगळ्यांवर थेंब उभे होते. पत्र्यातून उन्हाचे कवडसे पडले होते आणि जमीन नुसती लकाकत होती. कोपऱ्यात पिळलेल्या फडक्यांचा ढीग होता.

"चार दिस झाले," कौसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुसून सरत नाय. ह्ये म्हनत्यात, येवढ्या घरांवर एकदम काय आलं आसंल? गाडी कर, समद्यांकडं जाऊन येतो. उठवत नाय, पन तेच धरून बसल्यात." त्यांनी दारातून बाहेर बाजेकडं पाहिलं. "ताई, कुठल्या घरावर काय बी आलेलं नाय. सोमवारी दवाखान्यातनं आनलं त्यांना. डाक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. आठ-पंधरा दिस म्हनले." मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांना समद्यांचं कळतं. ह्येच तेवढं कळंना झालंय. तुमी सांगू नका."

भाभी आमच्या मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. त्या रिक्षापाशी गेल्या आणि फोन लावायला लागल्या. एकामागून एक, आमच्या आणि मागच्या गल्लीत मिस्त्रींनी ओटा बसवलेल्या प्रत्येक घरी. मिस्त्री येतायत. दार उघडं ठेवा.

आम्ही त्यांना रिक्षात मध्ये बसवलं. एका बाजूला कौसाबाई, एका बाजूला मी. भाभी पुढं नवऱ्याशेजारी टेकल्या. वाटेत ते पुटपुटत होते, आधी कुठं, मग कुठं.

आमच्या घरी त्यांनी ओट्याच्या कडेवर तळहात ठेवला. बराच वेळ. "हितं तर बरं हाय," ते म्हणाले. भाभींच्या घरी तेच. कुलकर्णीकाका वॉकर धरून स्वतः दारापर्यंत आले होते, म्हणाले, "या मिस्त्री, सगळं छान आहे, बघून घ्या." ज्या दारांना ते दिसले की कड्या लागायच्या, ती सगळी सताड उघडी होती. बायका हातात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. कंत्राटदार स्वतः बाहेर आला नाही, पण त्याच्या मुलानं फाटक उघडलं, नव्या पायावर तोल सांभाळत, आणि हात धरून त्यांना आत नेलं. प्रत्येक घरी ते सिंकपाशी उभे राहत, डोळे मिटत, हात ठेवत. प्रत्येक वेळी चेहरा थोडा मोकळा होई आणि थोडा जास्त गोंधळे.

शेवटच्या घरून बाहेर आल्यावर ते रिक्षाची दांडी धरून दम घ्यायला थांबले. ऊन उतरायला लागलं होतं. सगळी गल्ली दारादारांत उभी होती. मिस्त्रींनी एकेक दार पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग माझ्याकडं वळले.

"समदीकडं बरं हाय, ताई," ते म्हणाले. "मग हाय कुठं?"

 कौसाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून घसरलेला पंचा नीट केला, आणि त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं.